टॅमरॅक बेची शंभर माणसं

कॉफी घ्या. कोल, बूट मात्र काढू नकोस. फोन वाजला की दोन मिनिटांत गाडी शेडबाहेर निघाली पाहिजे, आणि तुझ्या नाड्या बांधून होईपर्यंत कुणी मरायचं थांबत नाही.

मघाशी ब्रिन विचारत होती, टॅमरॅक बेसारख्या एवढ्याशा गावाला ॲम्ब्युलन्स हवीच कशाला. बरोबर आहे तिचं. तुम्ही दोघं जूनमध्ये हॉटेलात कामाला आलात तेव्हा याच रस्त्यावर गाडी लावायला जागा नव्हती. चार हजार माणसं. आइस्क्रीमची रांग पार धक्क्यापर्यंत. आणि आता जानेवारीत खिडकीतून बघा. दिवे दिसतात ना घरोघर? बरं वाटतं ना? ते घड्याळावर लावलेले दिवे आहेत. साडेपाचला आपोआप लागतात, दहाला आपोआप विझतात. चोरांना वाटावं घरात कुणी आहे म्हणून. चोरांना कशाला, मला म्हाताऱ्यालासुद्धा अजून वाटतं.

शाळा होती आपल्याला. तिथं आता फज नावाची मिठाई विकतात. फळा मुद्दाम तसाच ठेवलाय, गंमत म्हणून. आजचे प्रकार त्यावर खडूनं लिहितात. मी त्याच फळ्यापुढं मार खाल्लाय. उन्हाळी मंडळी तिथं उभं राहून फोटो काढतात आणि म्हणतात, किती गोड गाव आहे. गोड आहेच. आम्ही तेवढे मधे येत होतो.

असो. चिडलो की माझं मूळ काम राहून जातं. गाडी कशी राहिली ते सांगतो. ऐकीव नाही. वेन कांगास माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि त्या रात्री ड्यूटीवर मीच होतो, इथं, याच खुर्चीत.

अठरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. शनिवार. हवा शून्याखाली बावीस. दोन दिवस सरोवराकडून बर्फ येत होतं आणि संध्याकाळी अचानक थांबलं. वारासुद्धा पडला.

झालं होतं असं की जिल्ह्याच्या ऑफिसातून कागद आला. हिवाळ्यात गावात शंभर माणसं कायमची राहत असतील तर गाडी ठेवू, नसतील तर चाळीस मैलांवरच्या गावातून गाडी येईल. चाळीस मैल, या बर्फात! कागद लिहिणाऱ्यानं बर्फ कॅलेंडरवर बघितलं असेल. मोजणी शनिवारी. रात्री बाराच्या ठोक्याला गावात हजर असलेला प्रत्येक कायमचा रहिवासी धरायचा. घरोघर एक फॉर्म आणि एक लिफाफा. मोजणाऱ्यानं नुसता आकडा विचारायचा, फॉर्म घरच्यांनी भरून, सह्या करून, लिफाफा चिकटवून गावच्या हॉलबाहेरच्या पेटीत टाकायचा. सोमवारी आपली बेव्ह, म्हणजे गावच्या ऑफिसातली बाई, ते उघडणार.

मोजायचं काम वेननं मागून घेतलं. तो बर्फ सारायचा ट्रक चालवतो, त्यामुळं सगळ्या गल्ल्यांतून जाणं होतंच. पण खरं कारण घरात होतं. मर्लीनचं, त्याच्या बायकोचं, काळीज. दोन वर्षांत तीनदा आम्ही तिला याच गाडीतून नेलं होतं. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं उशीर झाला असता तर आणायचे कष्ट घेतले नसते तरी चाललं असतं. वेनला चाळीस मैलांचं गणित कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रात्री साडेनऊला तो इथं शेजारच्या हॉलमध्ये आला. मी आणि बेव्ह स्टोव्हपाशी बसलो होतो, इथला फोन ऐकू यावा म्हणून दार उघडं ठेवून. त्याच्या मिशीला बर्फ.

"किती?" बेव्हनं विचारलं.

"शहाण्णव."

"अरे देवा."

"दोनदा मोजले. मी, मर्लीन, तुम्ही दोघं, सगळे धरून. हँक मेला नसता नोव्हेंबरात तर सत्त्याण्णव."

"तुझे दोन कुत्रे लिही की. तुझ्या दोन्ही भावांपेक्षा जास्त राहतात इथं."

"बेव्ह, थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय? चार नावं टाक, वेन. कोण बघायला येणारे? त्या लोकांना आपलं गाव नकाशावर दाखव म्हटलं तर बोट सरोवरात ठेवतील."

वेन कसा माणूस माहीत आहे ना? मासे मोजताना लहान मासा परत पाण्यात टाकणारा. म्हणाला, "खोटी माणसं नाही लिहिणार. उद्या उघडकीला आलं तर गाडी जाईल आणि वर नाकही कापलं जाईल. पॉइंटचा रस्ता राहिलाय. तिथं बघून येतो."

मी म्हटलं, "पॉइंटवर कोण आहे? चौदा घरं आणि चौदा घड्याळं."

"रस्ता साफ करायचाच आहे," म्हणाला, आणि गेला.

आता हे ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॉइंटवरचं, सरोवरात शिरलेल्या त्या टोकावरचं, शेवटचं घर लाहतींचं. मर्लीनचं माहेर. बाप, आई, आजी, भाऊ आणि ही, पाच माणसं त्या घरात. आजी आधी गेली, मग भाऊ आणि बाप एकाच दिवशी बर्फावरच्या मासेमारीत, बर्फ फाटून. आई उरली, तीही सहा वर्षांपूर्वी गेली. मर्लीनला घर ठेवायचं होतं. वेन म्हणाला, ठेवून काय करायचं, दोन घरं कशी झेपतील, आणि शिकागोचा एक दातांचा डॉक्टर मागतोच आहे. विकलं. वेननं त्यातून ट्रक घेतला. वाईट हेतू नव्हता त्याचा. पण त्यानंतर मर्लीन पॉइंटच्या रस्त्याला कधी गेली नाही. पॉइंटवरच्या तेरा घरांच्या किल्ल्या वेन सांभाळायचा. चौदावी त्यानं घेतली नाही. मर्लीननं घेऊ दिली नाही. दर शनिवारी संध्याकाळी मात्र विचारायची, "धूर दिसला का रे तिकडं?"

शनिवार म्हणजे सॉना. तुम्ही बाहेरून आलात, तुम्हाला हॉटेलातला विजेवरचा माहीत. आमचा अंगणात असतो. लाकडी खोली, चूल, चुलीवर दगड, दगडांवर पाणी, आणि वाफेत घामानं न्हायचं. बाहेर कपडे काढायला एक लहान खोली. गावात कोण आहे आणि कोण नाही हे शनिवारच्या धुरावरून कळायचं. आणि आमच्याकडची एक रीत. आत माणसं असली तर मधलं दार उघडायचं नाही. हाक मारायची नाही. कोण म्हणून विचारायचं तर नाहीच. बाहेरच्या बाकावर बसायचं आणि हळू आवाजात बोलायचं. आतले आतून उत्तर देतात. चर्चमध्ये चुकेल एखादा, सॉनात चुकत नाही.

तर वेन रस्ता सारत सारत पॉइंटच्या टोकाला गेला. दहा वाजून गेले होते, घड्याळांचे दिवे विझले होते. सगळी घरं काळी.

आणि लाहतींच्या सॉनातून धूर निघत होता.

सरळ वर. वारा नव्हताच. बर्च लाकडाचा वास ट्रकच्या आत आला, असं वेन म्हणाला. खिडकीत बारीकसा पिवळा उजेड.

त्याला वाटलं, डॉक्टरनं घर कुणाला तरी हिवाळ्यासाठी दिलं असणार. माणसं! त्यानं ट्रकचं पातं खाली टाकलं आणि घराच्या दारापर्यंतचा रस्तासुद्धा साफ केला. कुणी सांगितलं नव्हतं. आनंदानं केला.

मग उतरला. सॉनाचं बाहेरचं दार लोटलं. आत ऊबदार. अंधार. बाकावर बसला. मधलं दार बंद. दाराच्या खालून उजेडाची रेघ. आत पाणी पडल्याचा आवाज झाला, दगडांवर... चुर्र...

वेन हळू आवाजात म्हणाला, "शनिवार चांगला जावो. मी गावातला. मोजणीचं काम आहे. किती माणसं आहात?"



मग आतून एक म्हातारी बोलली. "चौघं."

आवाज परका. पण बोलणं आपल्याकडचं. शब्दाचं पहिलं अक्षर दाबून बोलतात ना आपली जुनी माणसं, तसं. शिकागोचं नाही. वेनच्या छातीत धडधडायला लागलं. भीतीनं नाही रे कोल, हिशेबानं. शहाण्णव आणि चार.

"तुम्ही कायमचे राहणारे ना? उन्हाळ्यापुरते नाही?"

"कायमचेच."

"मग एवढा फॉर्म भरा. सह्या करा. पेटीत टाका, हॉलपाशी आहे."

"माहीत आहे हॉल."

त्यानं लिफाफा दाराखालून सरकवला. अर्धा गेला. उरलेला आतून कुणीतरी ओढून घेतला... हळूच.

वेन उठला. शंभर झाले होते. उठून जायचं ना माणसानं? दाराशी गेला, आणि मागून म्हातारी म्हणाली,

"पाचवी यायचीय."

वेन थांबला. आता बघा, काय केलं त्यानं. मी त्याला दोष देत नाही. हँक गेला तसा अजून एखादा बाराच्या आत गेला तर? एक माणूस वर असलेला बरा. एवढाच विचार. वेन म्हणाला,

"बाराच्या आत आली तर तिलाही धरा."



मग पुन्हा पाणी पडलं दगडांवर.

ट्रकमध्ये बसून त्यानं आधी घरी फोन लावला. दहा वाजून पस्तीस मिनिटं, फोनमध्ये नोंद आहे, मी पाहिली. हे बोलणं मला त्यानं नंतर सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि शब्द न शब्द.

"मर्लीन, झाले शंभर! कुठं सापडले सांग? तुमच्या घरी. सॉना पेटलाय."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकतेयस ना? चौघं आहेत."

"...कोण बोललं?"

"एक म्हातारी. तुझ्या आईसारखी नाही, अजून जुनी. जुन्या धाटणीनं बोलते."

"काय म्हणाली? नीट सांग."

"चौघं म्हणाली. कायमचे म्हणाली. आणि पाचवी यायचीय म्हणाली."

 

"वेन... मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बाराच्या आत आली तर तिलाही धरा."

मग मर्लीन अगदी साध्या आवाजात म्हणाली, जसं कुणी दूध आहे का विचारतं तसं,

"रस्ता साफ आहे का?"

"आत्ताच केला. पार दारापर्यंत."

"बरं."

आणि तिनं फोन ठेवला.

घरी जायचं ना त्यानं? पण तो हॉलमध्ये आला. आम्हाला सांगायचं होतं. हात वर करून आला गाढव, आणि आम्हीही गाढवं, टाळ्या वाजवल्या. बेव्हनं कपाटातली बाटली काढली. पॉइंटवर माणसं, सॉना, म्हातारी, सगळं सांगितलं त्यानं. बेव्ह म्हणाली, "म्हणजे कुत्रे वाचले." आम्ही हसलो. त्या रात्री इतके हसलो की मला अजून त्याची लाज वाटते. लाहतींच्या घरात चौघं, असं तो म्हणत होता आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्हाला आकडा हवा होता. आकडा मिळाला.

साडेअकराला वेन घरी गेला.

अकरा छत्तीसला इथला फोन वाजला.

सहा मिनिटांत पोचलो. सहा! या गाडीनं. ही गाडी राहावी म्हणून तो रात्रभर हिंडला, आणि गाडी राहिली होती, आणि आली होती. काही उपयोग नव्हता. मर्लीन दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. कोट घातलेला. एक बूट पायात, दुसरा हातात. कुठंतरी निघाल्यासारखी. गार.

मी कागदावर वेळ लिहिली. अकरा बावन्न.

वेन भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. म्हणाला, "मी रस्ता केला, अर्नी." मला वाटलं, धक्क्यानं बरळतोय. मी म्हटलं, "हो बाबा, केलास." फोनवरचं बोलणं तेव्हा मला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी मी पॉइंटवर गेलो. कुणीतरी जायला हवं होतं. ट्रकनं केलेला रस्ता होता, दारापर्यंत. वेनच्या बुटांचे ठसे सॉनापर्यंत आणि परत. दुसरा ठसा नाही, कुणाचाही नाही. सॉनाच्या दाराला कुलूप. कुलपावर महिन्याभराचं बर्फ, दगडासारखं. काचेतून टॉर्च टाकला. चूल जागेवर नव्हती. डॉक्टरनं काढून टाकलीय ती. आत त्याच्या मुलांच्या प्लॅस्टिकच्या होड्या ठेवल्यात. लाल आणि पिवळ्या. एकावर एक.

मी ते वेनला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

सोमवारी बेव्हनं मला हॉलमध्ये बोलावलं. सगळे लिफाफे उघडून झाले होते. वेनच्या घरच्या फॉर्मवर दोनाच्या जागी एक लिहिलं होतं, त्याचं त्यानंच बदलून सही केली होती. असला माणूस. म्हणजे पंच्याण्णव. बेव्हपुढं एकच लिफाफा राहिला होता, बंद, लाहतींच्या पत्त्याचा. पेटीत होता, तिनं स्वतः काढला होता.

"तू उघड," म्हणाली.

"मी नाही उघडणार."

"अर्नी, बाकीचे सगळे मी उघडलेत."

"मग हाही उघड."

शेवटी तिनंच उघडला. बघत राहिली. ओठ हलले, मोजत होती. म्हणाली, "शंभर होतात."

मी म्हटलं, "पंच्याण्णव आणि चार नव्व्याण्णव. आणि हे चार तरी..."

"चार नाहीत," बेव्ह म्हणाली. "पाच आहेत."

तासभर बसलो आम्ही त्या कागदापुढं. फाडायचा की पाठवायचा. शेवटी बेव्ह म्हणाली, "आम्ही शाळेत होतो, दुकानं चालवली, मासे धरले, पोरं वाढवली, तेव्हा आम्हाला मोजायला कोण आलं? आता आले मोजायला. घ्या म्हणावं." पाठवला. ऑफिसातून आठवड्यात उत्तर आलं, आकडा पुरेसा आहे. कुणी काही विचारलं नाही. पॉइंटवर कोण राहतं आणि कोण नाही, हे त्यांना कुठं ठाऊक असणार? म्हणून ही गाडी इथं उभी आहे, ब्रिन, आणि म्हणून तुम्हाला ही ड्यूटी आहे. मोजणी दर दोन वर्षांनी, पुढच्या वर्षी पुन्हा. तेव्हाचं तेव्हा.

वेन अजून ट्रक चालवतो. शनिवारी बर्फ पडलं की गावाचा मुख्य रस्ता नंतर. आधी पॉइंट, पार त्या दारापर्यंत. डॉक्टरनं पत्र लिहिलं होतं, हिवाळ्यात गरज नाही म्हणून. वेननं उत्तर दिलं नाही.

काय होतं त्या कागदावर? सांगतो. न सांगता मला तरी कुठं झोप येणारे.

चार नावं जुन्या वळणाची, लाहतींची. आजी, आई, बाप, भाऊ. पाचवी ओळ मर्लीनची. बेव्ह आणि ती आठ वर्षं एका बाकावर बसल्या होत्या, अक्षर चुकायचा प्रश्नच नव्हता. आडनाव कांगास नव्हतं. लाहती लिहिलं होतं. पुढं एक रकाना असतो, या घरात कधीपासून राहता. पहिल्या चौघांनी लिहिलं होतं, कायम.

आणि पाचव्या ओळीत, मर्लीनच्या अक्षरात... शनिवारपासून.